राजीचं शेवटचं गोड

विमान कंपनीच्या माणसांना "आपल्या सोयीसाठी" हे शब्द ज्यानं शिकवले, त्याला एकदा माझ्या दारात आणून उभा करा. मारणार न्हाई मी त्याला. आमी जैन, मुंगी मारत न्हाई. फक्त विचारीन, की बाबा, सोय कुणाची?

मी त्रिशला, कुंडलची. घरी द्राक्षाची बाग हाय, बेदाण्याचं शेड हाय, नव्वदीच्या सासूबाई हायत, आन् मालक हायत, जवाहर. नाव घेते सरळ, साठी उलटल्यावर काय लाजायचं. पोरगा आर्जव पुण्यात नोकरीला, पोरगी श्रद्धा साताऱ्यात बँकेत. राहिली माझी धाकटी बहीण राजमती, आमची राजी. ही सगळी गोष्ट तिच्यापायी.

आई गेली तवा राजी चार वर्षांची व्हती आन् मी तेराची. तिला मीच वाढवली. कडेवर घेऊन शाळेत जायची, मास्तर तिला वर्गात बसू द्यायचे न्हाईत, म्हणून मीबी व्हरांड्यात बसून खिडकीतनं शिकले. माझं लग्न झालं तवा ती पाठराखीण म्हणून आली आन् परत जाताना गाडीला असा विळखा घालून रडली, की सासरे म्हणाले, राहू दे हिला पण. तेव्हापास्नं ती कुंडललाच. मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली, लग्नाला नको म्हणाली. आन् पुढं आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, संघ गावात चातुर्मासाला राहिला, तो निघाला तवा त्यांच्या मागनं चालायला लागली. ब्रह्मचारिणी झाली. मी आठ दिवस तिच्याशी बोलले न्हाई. नवव्या दिवशी गूळ, तूप, शेंगदाणे बांधून तिच्या मागं माणूस पाठवला.

गेल्या पर्युषणात फोन आला. राजी स्वतःजवळ फोन ठेवत न्हाई, तिच्याबरोबरच्या चंदनादीदीच्या फोनवरनं बोलते. म्हणाली, "अक्का, फाल्गुनात दीक्षा ठरली. शिखरजीला."

दीक्षा म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगते. त्या दिवशी डोक्यावरचे केस हातानं उपटून काढतात. अंगावर एक पांढरी साडी. दिवसातनं एकदा, ओंजळीत पडेल तेवढंच खायचं, पाणीबी तवाच. आन् नातंगोतं संपलं. ती मला अक्का म्हणणार न्हाई, मी तिला राजी म्हणायचं न्हाई. माताजी म्हणायचं आन् लांबनं हात जोडायचे. जिला मी नाक शिंकरायला शिकवलं, तिला.

मी म्हटलं, "बरं झालं. कवा निघू?"

ती म्हणाली, "आदल्या दिवशी घरच्यांनी भरवायची रीत हाय. त्या दिवशी तू पोच. दीक्षेपास्नं मी गोड सोडणार, जन्मभराचं. त्याच्या आधी एकदा तुझ्या हातची खपली गव्हाची खीर खाईन. दुसऱ्या कुणाच्या हातनं गोड घेणार न्हाई मी."

असं कधी मागितलं न्हवतं तिनं आयुष्यात काही. सणाला साडी घेतली तरी म्हणायची, कशाला अक्का. मी "व्हय" म्हटलं आन् फोन ठेवून न्हाणीत जाऊन रडले, कारण घरात दुसरीकडं कुठं रडायची सोय न्हाई.

आता खीर करायची म्हणजे तिकडं झारखंडात, शिखरजीच्या पायथ्याला, मधुबनला, दुपारपर्यंत पोचायला पाहिजे. आदल्या दिवसाची खीर डब्यात भरून न्हेऊन चालत न्हाई, सोवळ्याचं ताजंच लागतं. आन् राजी दिवसातनं एकदाच जेवते, तेबी दिवस बुडायच्या आत. तिकडं पूर्वेला दिवस आपल्या आधी बुडतो. चार दिवस आधी जाऊन बसावं तर फाल्गुनात बाग उतरायची, मजूर अंगावर, आन् सासूबाईंना माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी गोड लागत न्हाई. जाऊबाई तीन दिवस सांभाळायला तयार झाल्या, ते पण तोंड वाकडं करून. रेल्वेनं जायचं तर जाऊन-येऊनच पाच दिवस. मग विमानच.

आर्जव म्हणाला, "आई, आत्ताच काढतो तिकिटं. लवकर काढली की डोक्याला ताप नाही." पुण्यातनं सकाळी उडायचं, मधी एकदा बदलायचं, रांचीला उतरायचं, तिथनं गाडी. दुपारी तीनच्या आत मधुबन. फोन नंबर त्यानं माझा दिला, कारण तो म्हणे मीटिंगमधी असतो आन् मी घरीच असते. पोरांना वाटतं घरी असणं म्हणजे रिकामं असणं.

सहा महिने आधी काढली तिकिटं. गावात सगळ्यांना सांगितलं, माझी सीट पक्की हाय. लोक लग्नाचा हॉल एवढा आधी धरत न्हाईत.

पहिला मेसेज दिवाळीत आला. विमान दहा मिनिटं उशिरा उडेल, आपल्या सोयीसाठी आधी कळवतोय. मला तर कौतुक वाटलं. मी मालकांना म्हटलं, बघा, किती शिस्तीची माणसं. आपली कराड एस्टी कधी सांगते का?

मग दुसरा आला, पाऊण तास अलीकडं. तिसरा आला, पहिल्यासारखं. चौथ्यात मधल्या गावाचंच नाव बदललं. दर वेळेला तेच, "आपल्या सोयीसाठी", आन् खाली "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". एकाच मेसेजात सोयबी आमची आन् गैरसोयबी आमची. मी आर्जवला म्हटलं, ह्यांना लिहिताना वर काय लिवलंय ते खाली येईपर्यंत आठवत न्हाई का? तो म्हणाला, आई, ते मशीन लिहितं. मग म्हटलं, दिलगीर कोण हाय? मशीन?

एस्टीचं मी मनातल्या मनात माफ केलं. एस्टी न्हाई आली तर न्हाई आली. कंडक्टर वर तोंड करून सांगत तरी न्हाई, की तुमच्या सोयीसाठी पंक्चर झालीय.

आता माझं एक सांगायला पाहिजे. दर चतुर्दशीला दुपारी बारा वाजेपर्यंत मी मौन धरते. मागं एक महाराज गावात आले व्हते, त्यांनी दोन दिवस माझं बोलणं ऐकलं आन् मला हा नियम दिला. म्हणाले, "बाई, उपास तुझ्या पोटाला जमतो. जिभेला जमतो का बघ." सगळं मंदिर हसलं. पर मी नियम घेतला तो घेतला. घरात आग लागली तरी चतुर्दशीला बाराच्या आत मी बोलायची न्हाई, हातवारे करीन.

माघातली चतुर्दशी. मी सोप्यात खपली पाखडत बसले व्हते, राजीसाठीचीच. उखळात सडून ठेवलेली, दाणा न् दाणा बघून घेत व्हते. फोन वाजला. उचलला तर बाईचा गोड आवाज, पर जिवंत न्हवे, यंत्रातला. आपल्या उड्डाणाच्या वेळेत बदल झाला आहे. सकाळचं विमान दुपारवर गेलंय, रांचीला संध्याकाळी. नवी वेळ मान्य असल्यास हो म्हणा, मान्य नसल्यास नाही म्हणा.

संध्याकाळी रांची म्हणजे मधुबनला अंधार. अंधार म्हणजे राजी जेवणार न्हाई. आन् माझ्या तोंडाला कुलूप.

फोन कानाला तसाच धरून मी शेडकडं पळाले. मालक बेदाण्याच्या ढिगाशी उभे व्हते. मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला, मान हलवली, हात हलवला, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा. आदल्याच आठवड्यात गावातल्या आकारामचं बँकेतलं खातं एका फोननं साफ झालं व्हतं. मालक घाबरले. म्हणाले, "काय बोलू नको, एक शब्द बोलू नको." मुक्या बाईला सांगतात, बोलू नको. आन् माझ्या हातनं फोन घेऊन बंद केला, वर बॅटरी काढायला बघत व्हते, ती निघंना.

"न्हाई" एवढा एक शब्द. ह्या घरात सगळ्यात जास्त कुठला शब्द मी वापरला असंल तर हाच. आन् नेमका तवा तो घशात राहिला.

बारा वाजले आन् मी तोंड उघडलं. मालक सांगतात, बागेतली पाखरं उडाली. त्यांची खरडपट्टी काढून झाली, मग मी विमानवाल्यांना फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढा महत्त्वाचा, की कुणी उचलंना. लय वेळानं एक पोरगी आली लाइनवर.

"मॅम, आपण बदल स्वीकारलेला आहे."

"मी कवा स्वीकारला?"

"आपण नकार दिला नाही, मॅम."

"माझं मौन व्हतं."

"सॉरी मॅम?"

"मौन. चतुर्दशीचं. बोलायचं न्हाई. व्रत असतं आमचं."

ती म्हणाली, "उत्तर न आल्यास बदल मान्य आहे असं सिस्टीम धरते, मॅम."

म्हणजे बघा. आमच्यात मौन धरलं तर कर्म झडतं. ह्यांच्यात मौन धरलं तर सही झाली. मी तिला म्हटलं, "पोरी, तुझ्या घरी आई गप्प बसली तर ती खूश हाय असं समजतेस का गं?" ती म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का, मॅम?" आणखी. जसं काय आधी एक करून झालीय.

मग आर्जव पडला त्यांच्या मागं. आठवडाभर भांडला. पोरानं आयुष्यात बापाशी भांडण केलं न्हाई ते सगळं त्यांच्यावर काढलं. शेवटी सकाळचंच एक दुसरं विमान मिळालं, दुसऱ्या वाटेनं, पर रांचीला दुपारच्या आत. म्हणाला, "आई, झालं. आता कन्फर्म आहे." मी म्हटलं, "हे कन्फर्म मी आधीबी ऐकलंय." तरी जीव भांड्यात पडला. खपली परत एकदा उन्हात घातली, गूळ नीट बघून घेतला, वेलदोडे, जायफळ, सुंठ पुरचुंडीत बांधली. चंदनादीदीकडनं राजीला निरोप दिला, येते म्हणून. तिचा उलट निरोप आला, की चौक्यात, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, चूल आन् पितळेचं पातेलं तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

दीक्षा शनिवारी. शुक्रवारी पहाटे पुण्यातनं उडायचं. आमी गुरुवारी दुपारी गाडीनं निघालो. ठरवलं व्हतं, दिवस असेपर्यंत साताऱ्यात श्रद्धाकडं जेवायचं आन् मग पुण्याला आर्जवकडं मुक्काम.

श्रद्धाचं घर गोडोलीला, खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतो. तिनं अर्धा दिवस रजा घेऊन ज्वारीच्या भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी करून ठेवली व्हती. मी हात धुऊन पाटावर बसले. पहिला घास मोडला आन् फोन वाजला. टिंग, एवढंच.

मी मालकांना म्हटलं, "तुमी वाचा." ते म्हणाले, "तू वाच." श्रद्धानं घेतला. तिचा चेहरा बघूनच मी भाकरी खाली ठेवली.

उद्याचं विमान रद्द. कामकाजाच्या कारणास्तव. आपल्या सोयीसाठी आपणास उद्या रात्रीच्या विमानात जागा देण्यात आली आहे. दिल्लीत मुक्काम, रांचीला शनिवारी दुपारी.

शनिवारी सकाळी दीक्षा. मी दुपारी रांचीला उतरणार. वरातीमागनं घोडं म्हणतात ते हेच.

आर्जवला फोन केला. तो पुण्यात कंपनीतनं उठून विमानतळावर जायला निघाला, वाटेत मोबाइलवर दुसरी विमानं बघत. मुंबई, हैद्राबाद, कोलकाता, पाटणा. लगीनसराई, वर दीक्षेला जाणारी माणसं. जागा दिसायची, आमची नावं भरेपर्यंत जायची. एक कुठलीशी मिळत व्हती ती कोलकात्याला संध्याकाळी पोचवणारी. मी म्हटलं, सगळं सोनं काढून देते, पर मला उद्या दिवसाउजेडी तिथं न्हेऊन सोड. तो म्हणाला, "आई, पैशाचा प्रश्नच नाही गं. विमानच नाही." विमानतळावर कंपनीच्या काउंटरला एक पोरगा बसला व्हता, त्यानं आर्जवला सांगितलं, ॲपमधी तक्रार करा.

मग श्रद्धानं ॲप उघडलं. तिथं बोलायला माणूस न्हाई. एक बाहुली हाय, नाव सखी. मी सखी, आपली काय मदत करू? मी श्रद्धाला म्हटलं, लिही. लिही, की माझ्या बहिणीची दीक्षा हाय, उद्या तिला भरवायचंय, परत कधी भरवता येणार न्हाई. श्रद्धानं लिहिलं. बाहुलीनं तीन टिंबं नाचवली आन् उत्तर दिलं, अभिनंदन. आपल्या प्रवासासाठी विशेष भोजन निवडू इच्छिता का? खाली पर्याय. त्यात जैन भोजन.

रात्री नऊच्या विमानात, दिवस बुडाल्यावर न जेवणाऱ्यांसाठी, जैन भोजन.

खरोखरचं सांगते, उठून मोरीपाशी गेले. असली किळस मला शेडमधी उंदीर मेलेला सापडला तरी आली न्हवती. उंदराला निदान ठाऊक तरी न्हवतं आपण कुणाच्या मालात मरतोय. मालक मागनं येऊन पाठीवर हात फिरवत म्हणाले, "चल, पुण्याला जाऊ, काहीतरी होईल." मी म्हटलं, "काय होईल? दिवस थांबवून धरणार हायत का तुमचे विमानवाले?" त्यांचा काही दोष न्हवता. पर समोर तेच व्हते. शिव्या द्यायला एक तोंड पाहिजे असतं माणसाला, आन् ह्या लोकांनी तेवढंबी ठेवलं न्हाई.

चंदनादीदीला फोन केला. सांगितलं सगळं. म्हटलं, "राजीला म्हणावं, माझी वाट बघू नको. उद्या जी कुणी प्रेमानं भरवेल तिच्या हातचं खा. खीर न्हाई तर न्हाई, शिरा खा, लाडू खा, पर गोड खा. माझी आन घाल तिला." चंदनादीदी म्हणाली, "सांगते, अक्का." शुक्रवारी सकाळी परत फोन केला, तर म्हणाली, "सांगितलं." आन् मांडवात गडबड हाय म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारचा दिवस मी श्रद्धाच्या खिडकीत काढला. परत कुंडलला जायला पाय उठंना, पुण्याला जाण्यात अर्थ न्हवता. खपलीची पिशवी दाराशी तशीच. श्रद्धा म्हणाली, "आई, मी करते थोडी खीर, देवाला दाखवू." मी तिच्यावर एवढी ओरडले, की शेजारची दार उघडून बघायला आली. तिकडं दिवस बुडायची वेळ झाली तवा इकडं अजून डोंगरावर ऊन व्हतं. मी मनात म्हटलं, खाल्लं असंल तिनं. कुणीतरी भरवलं असंल. राजीला आवडणार न्हाई अशी बाई जगात न्हाई.

मालकांनी दोनदा विचारलं, "रात्रीच्या विमानानं जायचं का? निदान माताजींचं दर्शन तरी होईल."

मी म्हटलं, "माताजींचं दर्शन जन्मभर होईल. मला राजी पाहिजे व्हती."

शनिवारी सकाळी श्रद्धानं टीव्हीवर दीक्षेचं थेट प्रक्षेपण लावलं. मांडव भरलेला. राजीला नवरीसारखी सजवली व्हती, शेवटची. वाळली व्हती लय. माइक हातात देऊन तिला क्षमा मागायला सांगितलं. दीक्षेच्या आधी सगळ्यांची मागतात, सगळ्यांना करतात. तिनं गुरूंची मागितली, संघाची मागितली, शाळेतल्या पोरांची मागितली. मग म्हणाली, "कुंडलला माझी अक्का आहे, त्रिशला. तिनं मला वाढवलं. तिची मी क्षमा मागते. तिलाही मी क्षमा करते."

रीतच हाय ती. सगळ्यांना तसंच म्हणाली. पर मला वाटलं, मला क्षमा कशाची? मी काय केलं? टीव्हीसमोर पाटावर बसून मी मोठ्यानं म्हटलं, "अगं, मी न्हाई, ते विमानवाले." श्रद्धानं माझा हात धरला. मग राजीनं मान खाली केली आन् पहिली बट तिनं स्वतःच उपटली. मी डोळे झाकून घेतले. तिचे केस रोज मी विंचरायची, गुंता ओढला तरी रडायची ती. आता हूं न्हाई की चूं न्हाई.

नवं नाव पुकारलं, लोकांनी जयजयकार केला. मी हात जोडले आन् "वंदामि माताजी" म्हटलं. म्हणायलाच पाहिजे.

दुपारी चंदनादीदीचा फोन आला. रडून घसा बसला व्हता तिचा, आनंदानंच. म्हणाली, दीक्षा लय छान झाली. मी सगळं ऐकून घेतलं आन् विचारलं, "काल तिला भरवलं कुणी?"

ती परत मांडवाचंच सांगायला लागली.

"चंदना, मी विचारतेय. काय खाल्लं तिनं काल?"

"अक्का, मी सांगणार नव्हते. त्या म्हणाल्या होत्या, अक्कानं विचारलंच तर खोटं बोलू नका, पण आपणहून सांगू नका." मग तिनं सांगितलं. चाळीसभर बायका ताटं घेऊन उभ्या व्हत्या. राजी सगळ्यांना हात जोडून म्हणाली, थोडं थांबा. माझा निरोप तिला दिला, आन घातली तीबी सांगितली. तर म्हणाली, अक्काला ठाऊक न्हाई, विमानं बदलतात तशी मिळतातबी कधी कधी, ती कुठनं तरी येईल, ती आल्यावर मी जेवलेली दिसले तर तिला काय वाटेल. चौक्याच्या दाराशी बसून राहिली, वाटेवर गाडी वाजली की उठायची. दिवस बुडाला. मग उठली, चूल विझवली, आन् आत गेली. त्या दिवशीचं जेवण गेलं. पाणीबी गेलं. आज दीक्षेचा उपास. आता उद्या माताजी म्हणून ओंजळीत जे पडेल ते, गोडाशिवाय.

"मी म्हणाले त्यांना," चंदनादीदी म्हणाली, "निदान गुळाचा खडा तोंडात टाका. त्या म्हणाल्या, राहू दे, अक्काला शब्द दिलाय."

मी फोन ठेवला. मालक दारात उभे व्हते. फोन माझ्या हातातच परत टिंग झाला. त्यांनीच घेऊन वाचला.

"कुणाचा?" श्रद्धानं विचारलं.

"विमानवाल्यांचा," ते म्हणाले. "म्हणतात, प्रवासी हजर न झाल्यामुळं तिकीट रद्द केलंय." आन् मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "चोराच्या उलट्या बोंबा. आपण आलो न्हाई म्हणे."

मी म्हटलं, "बरोबर हाय त्यांचं. राजीबी दिवसभर वाटेकडं बघत बसली व्हती. तिलाबी तेच दिसलं, की मी आले न्हाई."